नेमगिरी आणि हंसदेवांचे सहा सिंह

परभणी जिल्ह्यातील जिंतूरजवळच्या नेमगिरी लेण्यांत वाकूनच शिरावे लागते. आत भगवान नेमिनाथांची भव्य मूर्ती आहे. विवाहाच्या भोजनासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून तोरणदारातूनच परत फिरलेले हे तीर्थंकर.

तेराव्या शतकातील जैन पंडित हंसदेवांच्या ‘मृगपक्षिशास्त्र’ या संस्कृत ग्रंथात जिनपूरच्या राजाचा उल्लेख येतो. हे जिनपूर म्हणजेच जिंतूर, असे काही अभ्यासक मानतात. राजा शिकारीस गेला, वनातील जीव पाहून विस्मित झाला आणि त्यांची माहिती लिहून घेण्याची इच्छा त्याने व्यक्त केली. हंसदेवांनी सतराशेहून अधिक श्लोक रचले!

सिंह, मृगेंद्र, पंचास्य, हर्यक्ष, केसरी, हरी ही अमरकोशात एकाच प्राण्याची नावे. हंसदेवांनी मात्र त्यांचे सहा निराळे प्रकार मानून प्रत्येकाची लक्षणे सांगितली. आजचा प्राणिशास्त्रज्ञ हे कल्पित ठरवील, आणि ते योग्यच. परंतु त्याच ग्रंथात पशुपक्ष्यांचा गर्भकाळ, आयुर्मान आणि स्वभावही नोंदले आहेत; शिकारीच्या सावजाला आयुष्य असते, हे त्या नोंदींनी राजापुढे ठेवले. पुढे वनखात्यात सेवा केलेल्या मारुती चितमपल्ली यांनी हा ग्रंथ मराठीत आणला.