खोटं सपाट

क्लेरमाँ-फेराँला नोकरीसाठी आले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ऑफिसातल्या एकीनं विचारलं, "तू पळतेस ना? रविवारी येतेस?" मी ऐटीत विचारलं, "किती किलोमीटर?" तिनं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "बारा. पण सहाशे दे प्लुस."

दे प्लुस म्हणजे चढाची एकूण बेरीज. वाटेत जेवढं वर जावं लागतं तेवढं धरायचं, उताराची वजाबाकी करायची नाही. फ्रान्सच्या डोंगराळ भागात पळणारी माणसं एकमेकांना नुसतं अंतर सांगतच नाहीत. किलोमीटरच्या मागून दे प्लुस येतोच, नावामागून आडनाव यावं तसा. आमच्या पुण्याच्या ग्रुपवर रविवारी सकाळी 'आज एकवीस झाले' असं येतं आणि खाली अंगठे पडतात. ते एकवीस नदीकाठचे की घाटातले, हे कुणी विचारत नाही. सिंहगड चढून आलेल्यालाही आपण किलोमीटरच विचारतो.

सहाशे मीटरचं मला भय वाटलं नव्हतं. समोर दिसत काय होतं, तर हिरव्यागार, गोल, ओळीनं पालथ्या घातलेल्या वाट्या. ही शेन दे पुई, म्हणजे 'पुईं'ची रांग. ज्वालामुखीच्या टेकाडाला इथे पुई म्हणतात. शहराच्या पश्चिमेला उत्तर-दक्षिण अशा ऐंशीच्या आसपास टेकड्या उभ्या आहेत. 2018 साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशात घेतलं. सगळ्यांत उंच तो पुई द दोम, 1465 मीटर. शहरातला कॅथीड्रल याच रांगेतल्या व्हॉल्विकच्या दगडाचा, काजळी धरल्यासारखा काळा. पहिल्यांदा त्याच्या भिंतीला हात लावला तेव्हा घरच्या वाड्याच्या जोत्याला लावल्यासारखं वाटलं. दगड ओळखीचा निघाला म्हणून मी डोंगरही ओळखीचा धरला. तिथं चुकलं.

आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, मग पावसानं ते कापून काढले. म्हणून कडा, मग माची, पुन्हा कडा अशी जिन्यासारखी रचना. चढ कुठे सुरू होतो हे लांबूनच कळतं. कड्याखाली उभं राहिलं की मन आपोआप कंबर कसतं. क्लेरमाँचे हे ज्वालामुखी त्याच्यापुढे काल जन्मलेले. बरेचसे हजारो वर्षांच्या हिशेबातले. राख आणि दगडाचा चुरा उडाला, ओतलेल्या धान्यासारखा त्याचा ढीग झाला, आणि तो धुऊन जायच्या आत वर गवत आलं. कुठे कोपरा नाही, कुठे धार नाही. डोळ्याला सगळं मऊ दिसतं. रुंद, गवताळ वाट, दोन्ही बाजूंना हेझलची झुडपं, आणि आपण 'हे तर सपाटच आहे' म्हणत पळतोय. दहाव्या मिनिटाला दम लागतो. वाटतं, रात्री झोप नीट झाली नसावी. पंधराव्या मिनिटाला पोटऱ्या भरून येतात. वाटतं, वय झालं. मागं वळून पाहावं तर शहर पार खाली गेलेलं.

याला त्यांच्याकडे शब्द आहे: फो प्ला. खोटं सपाट. सायकलवाले वापरतात, पळणारे वापरतात, शिवी दिल्याच्या सुरात वापरतात. खरा चढ परवडला, तिथे माणूस लाज न बाळगता चालायला लागतो. खोट्या सपाटावर चालायची लाज वाटते आणि पळायला जीव उरत नाही.

पायाखालचं तर विचारू नका. पुझोलान म्हणतात त्या चुऱ्याला. लाल-काळा, भोकाभोकांचा, हातात घेतला तर वजनच नाही, जळक्या वीटभट्टीतनं आणल्यासारखा. त्यावर पाय टाकला की करकर आवाज होतो आणि पाऊल अर्धं मागं घसरतं. दोन पावलं टाकावीत तेव्हा एकाचं पुण्य पदरात. घरी येऊन बूट झटकले की बाल्कनीत ज्वालामुखीची रांगोळी.

पहिल्या दिवशी पाणी संपलं तेव्हा ती ऑफिसातली मैत्रीण मला घेऊन सरळ वाटेतल्या गावाच्या स्मशानात शिरली. मी फाटकातच थबकले. थडग्यांवरच्या फुलझाडांना पाणी घालायला तिथे नळ असतो, आणि लांब पळणाऱ्यांचा-चालणाऱ्यांचा तो हक्काचा पाणवठा. गावातली बेकरी बंद असेल, कॅफे बंद असेल, पण स्मशानात नळ सापडतोच. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, तेवढं बघायचं. तिनं बाटली भरली, तोंडावर पाणी मारलं. आमच्या आजीनं पाहिलं असतं तर मला अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नसता. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि घटाघटा प्यायले. पाणी गारेगार होतं.

पुई द दोमवर जायची जुनी वाट 'खेचरवाल्यांची वाट' म्हणून ओळखली जाते. कोल द सेसा नावाच्या खिंडीतून निघते आणि नागमोडी वळणांनी साडेतीनशे मीटरहून जास्त चढते. वाट रोमनांच्या काळातली. माथ्यावर मर्क्युरीचं देऊळ होतं. व्यापाऱ्यांचा आणि वाटसरूंचा हा देव, पायाला पंख असलेला. 1870 च्या दशकात माथ्यावर वेधशाळा बांधताना देवळाचे अवशेष सापडले. पायाला पंख असलेल्या देवाचं देऊळ एवढ्या उंचावर बांधणाऱ्यांनी भक्तांच्या पायांचा विचार केलेला दिसत नाही.

पण मला त्या डोंगरावर देवापेक्षा एका मेव्हण्याची आठवण जास्त येते. ब्लेझ पास्काल क्लेरमाँचाच, 1623 चा जन्म. हवेला वजन असेल तर डोंगरावर ते कमी भरायला हवं आणि नळीतला पारा खाली उतरायला हवा, हे त्याचं म्हणणं. स्वतः पॅरिसमध्ये, तब्येत तोळामासा. म्हणून बहिणीच्या नवऱ्याला, फ्लोरँ पेरियेला, पत्र लिहून काम सांगितलं. 19 सप्टेंबर 1648 ला पेरिये काही प्रतिष्ठित मंडळी बरोबर घेऊन, काचेची नळी आणि पारा सांभाळत पुई द दोम चढला. मी रिकाम्या हातानं चढताना दोनदा आपटलेय. वर त्यानं मोजलं, पारा साधारण साडेआठ सेंटिमीटर उतरलेला. त्याचा विश्वास बसेना. माथ्यावरच्या छोट्या चॅपेलच्या आत मोजलं, बाहेर मोजलं, वाऱ्यात, आडोशाला, धुक्यात. तेवढाच. आणि या सगळ्यात खाली शहरातल्या मठाच्या बागेत दुसरी तशीच नळी घेऊन एक साधू दिवसभर तिच्यावर डोळा ठेवून बसला होता. त्याचा पारा हलला नाही. तो तसा बसला नसता तर पेरियेच्या चढण्याला काही अर्थ उरला नसता, हे मला फार उशिरा उमगलं.

कारण माझ्या मनगटावर तीच नळी आहे. पळायच्या घड्याळात हवेचा दाब मोजणारा वायुभारमापक असतो. दाब उतरला की घड्याळ समजतं, बाई चढली. एकदा रात्री वादळ येत होतं, मी सोफ्यावर पुस्तक वाचत पडले होते, आणि घड्याळानं मला तीस मीटर चढवलं. खाली बागेत बसणारा साधू त्याच्यात बसवलेला नाही.

ऑक्टोबरात एका रविवारी एकटीच गेले. या भागात लांबच्या वाटा रंगाच्या दोन आडव्या रेघांनी दाखवतात, वर पांढरी, खाली लाल. झाडावर, दगडावर, विजेच्या खांबावर. स्वयंसेवक डबा-ब्रश घेऊन त्या रंगवत फिरतात. रेघा दिसल्या की वाट बरोबर. त्याच दोन रंगांची फुली असेल तर वाट चुकली. नियम एवढा सोपा की चुकायला अक्कल लागते. त्या दिवशी धुकं असं उतरलं की पुढचं झाड तेवढं दिसे. मी रंग पाहत पळत होते, पांढरा दिसला, लाल दिसला, बरोबर आहे. रेघा आडव्या आहेत की तिरक्या, हे पाहिलंच नाही. तीन फुल्या ओलांडून मी बीचच्या रानातून खाली उतरत गेले आणि एका गावाच्या मागच्या अंगाला, कुणाच्या तरी रचून ठेवलेल्या लाकडांपाशी निघाले. पाटीवर नाव: लाशाँ.

नाव वाचून हसूच आलं. भूगर्भाच्या अभ्यासकांमध्ये हे चिमुकलं गाव जगभर ठाऊक आहे. सुमारे 41,000 वर्षांपूर्वी पृथ्वीचं चुंबकत्व काही शतकं उलटंपालटं झालं होतं. त्याचा पुरावा 1960 च्या दशकात इथल्या लाव्ह्यात सापडला, म्हणून त्या घटनेलाच लाशाँचं नाव आहे. तेव्हा इथे कुणी होकायंत्र घेऊन उभं असतं तर त्यालाही उत्तर सापडली नसती. माझ्या चुकीला यापेक्षा चांगलं गाव मिळालं नसतं.

लाकडांपाशी एक आजोबा होते, रबरी बूट, डोक्यावर टोपी. शहरात शेजारी लिफ्टमध्ये मान वर करत नाहीत, पण रानात भेटलेला प्रत्येक जण 'बोंजूर' म्हणतो, तसे तेही म्हणाले. मी सेसाच्या खिंडीची वाट विचारली, माझी गाडी तिथे होती. त्यांनी माझ्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, मग धुक्यात कुठेतरी हात केला.

"सरळ जा. तीनेक किलोमीटर. बाँ, सपाटच आहे म्हणा."

खिंडीत पोचून गाडीचं दार उघडण्याआधी घड्याळ पाहिलं. त्या सपाटाचा 110 मीटर चढ भरला होता.