पनवेल: वाडा, कूळ आणि साडेबारा टक्के

पनवेल म्हणजे आपल्यासाठी काय, तर गोव्याच्या वाटेवरचा ट्रॅफिक आणि पळस्प्याचा वडा! या वीकेण्डला मात्र गाडी बाजूला लावा आणि जुन्या गावात चालत शिरा. टॉवरांच्या मधोमध अजून एखादा वाडा तग धरून दिसेल.

माझे आजोबा इथल्याच एका वाड्याचे कूळ. १ एप्रिल १९५७ला कुळकायद्याने कसेल त्याची जमीन झाली आणि भातखाचरं आमच्या नावावर चढली. वाडेवाल्यांची शेतं गेली, पण गावातली घरं, दुकानं आणि मुलांची शिक्षणं कुठे गेली? पुढची पिढी डॉक्टर-वकील झाली. १९७०मध्ये सिडको आली, आणि खाचरं आमच्याही हातून गेली. १९८४च्या जासईच्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले, त्यानंतर कुठे साडेबारा टक्क्यांचे भूखंड पदरात पडले.

काकांनी भूखंड विकून गाडी घेतली. (झकास होती, खोटं कशाला बोलू!) बाबांनी बिल्डरकडून दोन गाळे घेतले, त्यांच्या भाड्यावर मी इंजिनीअर झाले. काकांचा मुलगा २०२५मध्ये सुरू झालेल्या विमानतळावर कॅब चालवतो.

आणि वाडेवाल्यांचा नातू? त्याचा दवाखाना आमच्याच गाळ्यात आहे. भाडं वेळेवर देतो. आई अजून त्याला ‘धाकटे मालक’च म्हणते.