दुकानात न आलेली रेकॉर्ड

आमच्या लहानपणी जव्हारात गाणी यायची ती एसटीनं. नाशिकच्या गाडीतून खोकी उतरायची आणि बसस्थानकाजवळच्या टपरीत त्यातलं जे लागेल ते आमचं संगीत: हिंदी सिनेमे, आरत्या, आनंद शिंदे. इंग्रजी म्हणजे कुणीतरी ठाण्याहून भरून आणलेली मायकल जॅक्सनची कॅसेट, निम्म्यावर आवाज लटपटणारी. टपरीवाल्याकडे नाही ते गाणं जगातच नाही, असा सरळ हिशेब.

त्या हिशेबानं बिग स्टार हा बँड कधी झालाच नाही. मेम्फिसच्या चार पोरांनी १९७२ साली पहिली तबकडी काढली आणि तिचं नाव बेधडक ठेवलं, 'नंबर वन रेकॉर्ड'. माझ्यापर्यंत ती यायला चाळीसहून जास्त वर्षं लागली. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्यानं फोनवर पाठवली, "मामा, हे ऐकच" एवढंच लिहून. मोखाड्यावरून नाशिकला निघालो होतो, बाहेर धो धो पाऊस, खिडकीची काच अर्धी अडकलेली. तोरंगणच्या घाटात रेंज गेली आणि 'थर्टीन' हे गाणं मध्येच तुटलं. त्यात ड्रम नाहीत. नुसत्या गिटारी, आणि शाळेतून घरापर्यंत सोबत येऊ का, असं मुलीला विचारणारा एक पोरगा. पुढचं ऐकायला त्र्यंबकपर्यंत थांबावं लागलं, आणि मी कंडक्टरवर उगीचच वैतागलो.

या प्रकाराला पॉवर पॉप म्हणतात. बीटल्ससारखी तोंडात बसणारी चाल, एकावर एक चढवलेले आवाज, पण खाली गिटारींचा दणका. याच रेकॉर्डवरच्या 'फील' गाण्यात बँडमधला ख्रिस बेल घसा फाटेस्तोवर गातो, आणि लगेच पुढच्या गाण्यात अ‍ॅलेक्स चिल्टन असा सावकाश सुरू करतो की हा तोच बँड आहे का, अशी शंका यावी. याच चिल्टननं सोळाव्या वर्षी, १९६७ मध्ये, बॉक्स टॉप्स या बँडबरोबर 'द लेटर' गाऊन अमेरिकेत पहिला नंबर गाठला होता. म्हणजे नंबर वन त्याला नवा नव्हता.

रेकॉर्ड कुणी नाकारली नव्हती, समीक्षकांनी तर डोक्यावर घेतली. घोडं अडलं वाटपात. वाटप सांभाळणाऱ्या स्टॅक्स कंपनीचा हात सोल संगीतात बसलेला. या गोऱ्या पोरांचं काय करावं ते तिला नीट उमगलं नाही. मग कोलंबिया रेकॉर्ड्सबरोबरच्या व्यवहारात माल दुकानांपर्यंत धड गेलाच नाही. गंमत अशी की बँडचं नाव स्टुडिओजवळच्या किराणा दुकानाच्या पाटीवरून घेतलेलं! बेल १९७२ मध्येच बँडमधून बाहेर पडला आणि १९७८ च्या डिसेंबरात मोटार अपघातात गेला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. आर.ई.एम., रिप्लेसमेंट्स वगैरे पुढचे बँड बिग स्टारचं नाव घ्यायला लागेपर्यंत बेलसाठी उशीर झाला होता.

असं 'दुर्लक्षित' संगीत म्हटलं की आमच्याकडे लगेच तारपा या वाद्याचं उदाहरण देतात. वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना नव्वदी उलटल्यावर २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हाही तोच सूर लागला. मला हे पटत नाही. दुर्लक्ष केलं ते दिल्ली-मुंबईनं. भात तयार झालं की पाड्यावर तारपा वाजणार, तो ऐकायला कुठली टपरी लागत नाही. दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, मेण, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा, आणि गाल फुगलेलेच, कारण वाजवणारा श्वास घेतानाही सूर तुटू देत नाही. त्यानं चाल बदलली की कमरेला हात घालून फिरणाऱ्या अख्ख्या फेराची पावलं बदलतात. बिग स्टारची गोष्ट वेगळी. ती गाणी अनोळखी माणसांसाठीच केलेली. दुकान चुकलं की सगळंच चुकलं.

गेल्या दिवाळीत भाचा आला आणि फेराजवळ फोन धरून उभा राहिला. घरी येऊन ऐकलं तर वरचा नाकातला सूर तेवढा आलेला, खालची घुमणारी घरघर गायब. त्यानं ते कुणालाच पाठवलं नाही. मला मात्र बिग स्टारची दुसरी रेकॉर्ड पाठवली आहे, 'रेडिओ सिटी', १९७४ ची. चिल्टन तिच्यात जोरात आहे, लोक तिला पहिलीपेक्षा वरचढ मानतात. मी नाही मानत. बेलची उणीव पहिल्या दोन गाण्यांतच जाणवते, आणि यावरून आमचं मामा-भाच्यांचं अजून जुंपलेलं आहे.