अंगण हरवलेल्या घरांची वेल

मराठी माणूस चाकरीसाठी, व्यापारासाठी अथवा सरदार-शिलेदारांच्या मागोमाग जिथे जिथे जाऊन स्थायिक झाला, तिथे तिथे तुळशीवृंदावनही त्याच्या पाठोपाठ गेले. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे या गावांतील जे थोडे जुने वाडे अद्याप उभे आहेत, त्यांच्या चौकात ते आजही पाहावयास मिळते. परंतु वृंदावनाला अंगण लागते आणि अंगणाला ऊन. वाडे पडले, त्यांच्या जागी चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि तुळस गॅलरीच्या कठड्यावरील कुंडीत येऊन बसली. दिवाणखान्यात मात्र एका वेगळ्याच वनस्पतीने हळूहळू ठाण मांडले. तिची कोणी पूजा करीत नाही, तिच्या नावे एकही व्रत नाही, आणि तिला धड मराठी नावही नाही. सारे तिला 'मनीप्लांट' म्हणतात आणि ती घरात असली की पैसा येतो, असे मानतात. चोरून आणलेली वेल अधिक फोफावते, असाही एक समज आहे; त्यामुळे एरवी सज्जन असलेल्या गृहिणीदेखील शेजारणीच्या कुंडीतील फांदी खुडताना फारसा संकोच करीत नाहीत!

गेल्या काही वर्षांत निमित्तानिमित्ताने ग्वाल्हेरपासून गोव्यापर्यंत मराठी घरांतून उतरण्याचा योग आला. भाषा, पदार्थ, हवा सारे बदलत गेले. ही वेल मात्र जवळजवळ प्रत्येक घरी भेटली. प्रत्येक ठिकाणी तिचे रूप निराळे होते, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे येता येता तिची खरी प्रकृती उलगडत गेली.

प्रथम तिचे कूळ सांगितले पाहिजे. ती मूळची प्रशांत महासागरातील, ताहितीच्या शेजारी असलेल्या मोरेआ नावाच्या लहानशा बेटावरची. १८८० मध्ये युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला 'पोथॉस' या गणात घातले. पुढे शास्त्राने ते नाव बदलले. आज तिला 'एपिप्रेम्नम ऑरियम' म्हणतात, परंतु रोपवाटिकांत 'पोथॉस' हेच नाव रूढ राहिले. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, ती अळू आणि सुरण यांच्या कुळातील आहे. अळूच्या फदफद्यात आपण चिंच घालतो ती घशाला खाज सुटू नये म्हणून. ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची. आणि तेच स्फटिक या वेलीच्या पानांत व देठांत आहेत. म्हणून रांगते मूल, कुत्रा वा मांजर असलेल्या घरी ती त्यांच्या तोंडी लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी. फांद्या छाटल्यावर हातही धुवावेत.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका जुन्या घरी पौषात उतरलो होतो. सकाळी दहा वाजले तरी धुके हटत नव्हते. खिडकीतील वेलीची पाने काळवंडून लोंबत होती आणि घरातील वहिनी तिला रोज तांब्याभर पाणी घालीत होत्या. "इतकी सेवा करते, तरी ही अशीच हो दर थंडीत," त्या म्हणाल्या. वास्तविक त्या सेवेतच दुखणे होते. उष्ण, दमट बेटावरील ही वेल दहा अंशांच्या खालचा गारठा सोसू शकत नाही, आणि ग्वाल्हेरला जानेवारीच्या रात्री पारा त्याहून बराच खाली जातो. थंडीत तिची वाढ थांबलेली असते. मुळे पाणी शोषीत नाहीत, माती ओलीच राहते आणि मुळे कुजू लागतात. अशा गावी मार्गशीर्षापासून माघापर्यंत रात्री कुंडी खिडकीच्या काचेपासून दूर, खोलीच्या आत ठेवावी. एरवीही मातीत बोट खुपसून पाहावे. बोटाचे पहिले पेर कोरडे लागले तरच पाणी द्यावे. उन्हाळ्यात लू वाहू लागली की गोष्ट उलटी होते: पानांच्या कडा करपतात. त्या दिवसांत झळीच्या खिडकीतून तिला हलवावे आणि पाने ओल्या फडक्याने पुसावीत. या वेलीला उपाशी ठेवल्याने जितका अपाय होतो, त्याहून कितीतरी अधिक पाण्यात बुडविल्याने होतो.

तिथून इंदुरास आलो तो तिथे वेलीला मातीच नाही! सरबताच्या रिकाम्या बाटल्या, काचेच्या बरण्या, एका घरी तर जुन्या कंदिलाची काच, साऱ्यांतून वेली पाण्यावर वाढत होत्या. पाण्यावर ती खरोखरच वर्षानुवर्षे जगते. मात्र त्यासाठी दोन-तीन गोष्टी पाळाव्या लागतात. पाण्यात निदान एक पेर बुडलेले असावे, कारण मुळे पेरापाशीच फुटतात. नुसते पान देठासह पाण्यात ठेवल्यास त्याला मुळे फुटली तरी त्यातून वेल कधी होत नाही. पांढऱ्या काचेत उजेडामुळे शेवाळ धरते. म्हणून रंगीत बाटली घ्यावी किंवा बाटलीला कागद गुंडाळावा. महिन्या-दोन महिन्यांनी पाण्यात विद्राव्य खताची चिमूट टाकावी. नुसत्या पाण्यावर वेल जगते, पण बाळसे धरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाणी आठवड्यातून एकदा न चुकता पालटावे व बाटली आतून घासावी. डेंग्यू पसरविणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. ज्या बाटलीकडे कोणी पाहत नाही, ती दिवाणखान्याची शोभा न राहता आजाराचे घर होते.

इंदूरच्याच एका रोपवाटिकेत ही वेल 'हवा शुद्ध करणारी' म्हणून चढ्या भावाने विकली जात होती. या समजुतीचे मूळ अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या १९८९ मधील एका अभ्यासात आहे. लहानशा बंद पेटीत ठेवलेली ही वेल हवेतील काही विषारी वायूंचे प्रमाण कमी करते, असे तेव्हा आढळले होते. परंतु आपली घरे म्हणजे बंद पेट्या नव्हेत. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा असे दिसले की, उघड्या खिडकीने जेवढी हवा शुद्ध होते तेवढी करण्यास प्रत्येक चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत कुंड्या लागतील. तेव्हा वेल लावावी ती डोळ्यांच्या सुखासाठी. हवेसाठी खिडकी उघडावी.

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूस एका कुटुंबाचा वाडा पाडावयाचा ठरला होता. तीन भावांचे तीन संसार आता शहराच्या तीन टोकांना जाणार होते. भांडीकुंडी, देव, पितळी समया यांची वाटणी झाली; त्यात रुसवेफुगवेही झाले. ओटीवरच्या खिडकीतून वर चढवलेली मनीप्लांटची वेल मात्र कोणाच्या वाटणीत नव्हती. शेवटी घरातील सर्वांत वडील असलेल्या काकूंनी कात्री मागवून तिचे वीतवीत लांबीचे तुकडे केले, प्रत्येकावर दोन-तीन पेरे राखली, आणि सुनांना सांगितले, "हिचं भांडण होणार नाही. ही कापली तरी प्रत्येकीला सगळीच्या सगळी मिळते."

काकूंनी सहज उच्चारलेले हे वाक्य शास्त्राच्या कसोटीलाही उतरणारे आहे. या वेलीला आपल्या घरी कधी फूल आलेले कोणी पाहिले आहे काय? ते येतच नाही. रानात मोठी झालेली वेलही फुलत नाही. १९६० च्या दशकात तिला फूल आल्याची नोंद आहे, त्यानंतर आपणहून फुलल्याची नोंद नाही. संशोधकांनी २०१६ मध्ये याचे कारण दाखविले: फुलण्यास आवश्यक असे जिबरेलिन नावाचे संजीवक तिच्या शरीरात तयारच होत नाही. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून तिचा सारा विस्तार केवळ फांदीने होतो. काकूंच्या तीन सुनांच्या घरी आज ज्या वेली आहेत, त्या एकीच्या लेकी नव्हेत, ती एकच वेल तीन ठिकाणी आहे. मोरेआ बेटावरून निघालेली ही वेल अशीच हातोहात जगभर गेली. तिचा सारा प्रवास माणसांनी एकमेकांना दिलेल्या फांद्यांवर झाला आहे.

त्या तिन्ही घरी पुढे जाण्याचा प्रसंग आला. एका घरी वेलीची पाने नुसती हिरवी, दुसऱ्या घरी त्यांवर सोनेरी शिंतोडे. भेद फक्त उजेडाचा होता. अंधाऱ्या कोपऱ्यात ही वेल मरत नाही, हाच तिचा गुण तिच्या मुळावर येतो. उजेड अपुरा पडला की पानातील पिवळा भाग ती कमी करते, कारण अन्न हिरव्या भागातच तयार होते. पेरांतील अंतर वाढते, पाने लहान होतात. पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन हातांवर, जिथे दिवसा दिव्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येते, तिथे ती सुखी असते. भर दुपारचे ऊन मात्र पाने जाळते.

बेळगावपासून मात्र देखावा पालटू लागतो. तिथल्या पावसाळी हवेत घराबाहेर लावलेली वेल भिंतीवर चढलेली दिसते. चोर्ला घाट उतरून गोव्यात शिरावे, तर अंगणातल्या आंब्याच्या वा माडाच्या खोडावर हातभर लांबीची, रुंद, कडांना चिरत गेलेली पाने दिसतात, आणि ही कोणती बरे वनस्पती, असा प्रश्न पडतो. फोंड्याकडील एका घरी विचारले, तेव्हा यजमान हसून म्हणाले, "मनीप्लांट, आणि काय!" खिडकीतील चार बोटे पानाची ती वेल हीच, यावर विश्वास बसणे कठीण होते.

याचे कारण असे की, घरातील वेल ही सदैव बालवयातच राहिलेली असते. तिचा धर्म चढण्याचा. आधाराला मुळे रोवून ती उजेडाकडे वर जाऊ लागली की प्रत्येक नवे पान आधीच्याहून मोठे येते. टांगलेल्या कुंडीतून ती खाली लोंबत राहिली की पाने उत्तरोत्तर लहान होत जातात. गोव्याची हवा घरात आणता येत नाही, परंतु आधार देता येतो. जाड काठीला काथ्या घट्ट गुंडाळून ती कुंडीच्या मध्यभागी रोवावी, वेलीची पेरे दोऱ्याने सैलसर बांधावीत आणि काथ्या रोज पाण्याने शिंपडावा. वर्षभरात पानांचा आकार बदललेला डोळ्यांना दिसतो. लोंबतीच हवी असल्यास शेंडे अधूनमधून खुडावेत, म्हणजे बुंध्याशी नवे फुटवे येतात.

परंतु गोव्यातील त्याच वैभवाला दुसरी बाजू आहे. उष्ण, दमट प्रदेशात ही पाहुणी मालकीण होऊन बसते. श्रीलंकेत कँडीच्या उडवत्तकेले वनात तिने जमीन झाकून टाकली आहे आणि तिच्याखाली तिथल्या मूळच्या झाडांची रोपे वाढू शकत नाहीत. गोवा आणि कोकणपट्टीतील वाचकांनी म्हणून एक पथ्य अवश्य पाळावे: छाटलेल्या फांद्या ओढ्याकाठी वा रानाच्या कडेला टाकू नयेत. एका पेरातून ती पुन्हा उभी राहते. फांद्या उन्हात पूर्ण वाळवून मगच खतात घालाव्यात.

'तिला काही लागत नाही' अशी या वेलीची ख्याती आहे. ग्वाल्हेर ते गोवा पाहिल्यावर ती पुरती खरी वाटत नाही. तिला उजेड, ऊब, आधार आणि हात आखडून घातलेले पाणी, सारे काही लागते. ते मिळाले नाही तरी ती सोसते, एवढेच. सोसणाऱ्याच्या गरजा घरात सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. येत्या ज्येष्ठात पहिला पाऊस झाला की फांद्या लावण्यास उत्तम काळ येईल. कोपऱ्यातली आपली कुंडी तेव्हा खिडकीशी आणावी, तिला काठीचा आधार द्यावा, आणि दोन-तीन पेरांची एक फांदी शेजारी नव्याने राहावयास आलेल्या घरी आपणहून नेऊन द्यावी. त्यांना ती चोरावी लागू नये.