पूर्वजांचा शब्द

‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द देतांना माझी नेहमीं अडचण होते. ‘सनातनी’ म्हणावें तर डोळ्यांपुढें सोंवळें नेसलेली मूर्ति उभी राहते. ‘पुराणमतवादी’ म्हटलें कीं वर्गांतील मुलें मत ऐकण्यापूर्वींच हंसूं लागतात. आणि ‘स्थितिप्रिय’ हा शब्द एखाद्या आळशी माणसालाच अधिक शोभेल. इंग्लंडांतील या पंथापुरतें बोलावयाचें तर यांपैकीं कोणत्याहि शब्दानें कसेंबसें भागतें, कारण तेथें राखावयाला राजघराणें आहे, उमरावांची सभा आहे, सरकारी धर्मपीठ आहे. परंतु अमेरिकेंत या नांवाचा गृहस्थ राखतो तरी काय? तेथें राजा नाहीं, सरदार नाहींत, राष्ट्राचा असा धर्म नाहीं. ज्या घटनेपुढें तो हात जोडतो ती बंड करून मोकळे झालेल्या लोकांनीं लिहिली. आजोबांनीं वडिलोपार्जित वाडा पाडून नवें घर बांधावें आणि नातवानें त्या घराचा एक खिळाहि हलवूं देऊं नये, असा हा प्रकार आहे.

गेलीं सत्तावीस वर्षें मी महाविद्यालयांत एडमंड बर्क शिकवीत आलों आहें. आपल्याकडे बर्क ठाऊक आहे तो मुख्यतः वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ पासून १७९५ पर्यंत चाललेल्या अभियोगामुळें. त्यानें १७७५ मध्यें पार्लमेंटांत अमेरिकन वसाहतींशीं समेट करावा म्हणून भाषण केलें, आणि १७९० मध्यें फ्रेंच राज्यक्रांतीवर कोरडे ओढले. रसेल कर्क या ग्रंथकारानें १९५३ सालीं ‘द कॉन्झर्व्हेटिव्ह माइंड’ हा ग्रंथ लिहून अमेरिकेंतील आपल्या पंथाचें मूळ याच बर्कमध्यें दाखविलें. ग्रंथ विद्वत्तेचा आहे. पण ती वंशावळ मला भाटाकडून लिहवून घेतल्यासारखी वाटते. बर्कचा विश्वास रूढीवर, अंगवळणीं पडलेल्या चालीरीतींवर. कोऱ्या कागदावर आंखलेल्या राज्यपद्धतीचें नांव निघालें कीं त्याचा तोल जाई. अमेरिकनाचा विश्वास असतो तो नेमका कागदावर. त्याचा खरा सगोत्र शोधूं लागलें तर तो आमच्याकडेच सांपडेल. आमच्या मीमांसकांनीं वेदांना कर्ताच मानला नाहीं. कर्ता नाहीं म्हणजे त्याच्या मनांत काय होतें हा प्रश्नहि नाहीं. उरले ते शब्द, आणि शब्दांचा अर्थ लावण्याचे नियम. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाचें एखादें निकालपत्र वाचतांना, एका शब्दाच्या अर्थासाठीं पानेंच्या पानें खर्चीं पडलेलीं पाहिलीं, कीं मला जुन्या शास्त्रीमंडळींच्या वादसभांच्या ऐकलेल्या गोष्टी आठवतात.

पूर्वजांनीं वंशजांना किती बांधून ठेवावें हा प्रश्न त्या राष्ट्राच्या बाळपणींच निघाला होता. १७८७ मध्यें फिलाडेल्फिया येथें घटना लिहिली गेली तेव्हां जेफर्सन पॅरिसला वकील होता. तेथून १७८९ च्या सप्टेंबरांत त्यानें मॅडिसनला एक पत्र लिहिलें. पृथ्वी जिवंतांची आहे, मेलेल्यांचा तिच्यावर अधिकार नाहीं, हा त्याचा सिद्धांत. आणि नुसता सिद्धांत सांगून थांबेल तर तो जेफर्सन कसला! मृत्यूचीं कोष्टकें घेऊन त्यानें हिशेब मांडला व एका पिढीचें राज्य एकोणीस वर्षांचें ठरविलें. तेवढ्या मुदतीनंतर प्रत्येक घटना, प्रत्येक कायदा आपोआप सरावा! मॅडिसननें पुढच्या वर्षीं मोठ्या नम्रपणें उत्तर धाडलें. मेलेल्यांनीं ज्या सुधारणा करून ठेवल्या त्यांचें ऋण जिवंतांवर राहतेंच, असें त्याचें म्हणणें. पितृऋणाची कल्पना ज्यांच्या हाडींमाशीं खिळली आहे त्या आम्हांला यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. पण ज्या देशानें नुकताच बाप नाकारला होता त्या देशांत हें बोलावयाला धैर्य लागलें असेल.

विजय मॅडिसनचा झाला, आणि जरा अधिकच झाला. घटनेंत दुरुस्ती करावयाची तर काँग्रेसच्या दोन्ही सभांत दोन-तृतीयांश मतें हवींत, आणि शिवाय पन्नासांपैकीं अडतीस राज्यांची संमति हवी. सव्वादोनशेंहून अधिक वर्षांत अशा दुरुस्त्या झाल्या केवळ सत्तावीस. आपल्या घटनेला १९५० पासून शंभराहून अधिक झाल्या आहेत! त्यांतहि सत्ताविसाव्या दुरुस्तीची कथा मोठी मौजेची आहे. काँग्रेसच्या सभासदांच्या वेतनासंबंधीं ती मॅडिसननें १७८९ मध्यें सुचविली आणि ती अंमलांत आली १९९२ मध्यें. टेक्सासमधील एका विद्यार्थ्यानें १९८२ सालीं निबंध लिहिला कीं ही सूचना अद्याप जिवंत आहे, अजूनहि संमत होऊं शकते. परीक्षकांनीं त्याला ‘सी’ श्रेणी दिली. पठ्ठ्यानें राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रें लिहून दुरुस्ती पुरी करून दाखविली. पुढें २०१७ सालीं विश्वविद्यालयानें त्याची श्रेणी वाढविली म्हणतात. उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत ही गोष्ट मी मुद्दाम आठवतों.

परंतु १९७१ नंतर काँग्रेसनें सुचविलेली एकहि नवी दुरुस्ती संमत झालेली नाहीं. कागद बदलत नाहीं आणि काळ तर थांबत नाहीं. तेव्हां सारा भार येऊन पडला नऊ न्यायमूर्तींच्या वाचनावर. १९६५ मध्यें त्यांना घटनेंत विवाहित जोडप्यांचा संततिनियमनाचा हक्क दिसला, १९७३ मध्यें गर्भपाताचा. येथें कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींनीं हरकत घेतली कीं हें वाचन नव्हे, लेखन आहे. आणि लेखन करावयाला लोकांनीं प्रतिनिधि निवडून दिले आहेत. १९८५ सालीं रेगन सरकारचे कायदेमंत्री एडविन मीज यांनीं हा मुद्दा जाहीर सभेंत मांडला, न्या. ब्रेनन यांनीं त्याच वर्षीं त्याला उत्तर दिलें, आणि तेव्हांपासून हा वाद शमलेला नाहीं. आरंभीं हे लोक म्हणत कीं घटनाकारांचा हेतु पाहा. १९८६ मध्यें न्यायासनावर आलेले अँटोनिन स्कालिया यांनीं मात्र हेतूचा नाद सोडला. लिहिणाराच्या मनांत काय होतें तें राहूं द्या. लिहिलें त्या काळीं सामान्य माणसानें त्या शब्दांचा काय अर्थ घेतला असता तेवढें सांगा.

हा भेद केवळ विद्वानांच्या कामाचा आहे असें कोणी म्हणेल. आमच्या घरांत तरी तो तसा ठरला नाहीं. आमच्या अण्णांनीं तालुक्याच्या गांवीं स्वकष्टानें बांधलेल्या घराविषयीं १९७४ सालीं मृत्युपत्र करून ठेवलें होतें. त्यांत एक वाक्य होतें: ‘हें घर विकूं नये, माझ्या मुलांपैकीं ज्यांना आसरा लागेल त्यांनीं येथें हक्कानें राहावें.’ बारा वर्षांपूर्वीं माझी थोरली बहीण विधवा होऊन त्या घरीं परत आली. वडील बंधूंना तें रुचलें नाहीं. ते म्हणाले, “अरे, अण्णांच्या मनांत आपण दोघे भाऊच होतों. आक्का तेव्हां दिल्या घरीं सुखांत होती. ती परत येईल हें त्यांच्या स्वप्नांत तरी आलें असेल का?” दादाचें म्हणणें बहुधा खरेंच होतें. अण्णा त्या काळचे; मुलगी दिली कीं ती त्या घरची, असेंच ते मानीत. पण मी म्हणालों, “दादा, त्यांच्या मनांत काय होतें तें त्यांच्याबरोबर गेलें. कागदावर ‘मुलग्यांपैकीं’ नाहीं, ‘मुलांपैकीं’ आहे. आणि तीस वर्षें शाळेंत मराठी व्याकरण शिकविणाऱ्या माणसाचा हा कागद आहे.” दादा बराच वेळ गप्प बसले. त्यांना माझें म्हणणें पटलें असें मला आजहि म्हणवत नाहीं. मात्र पुढच्या पावसाळ्यापूर्वीं आक्काच्या खोलीवरचीं कौलें त्यांनीं स्वतः उभें राहून चाळून घेतलीं.

अगदीं हाच वाद २०२० सालीं वॉशिंग्टनला झाला. नोकरींत ‘लिंगावरून’ भेद करूं नये असें १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा सांगतो. समलिंगी माणसाला त्या कारणावरून काढून टाकलें तर या शब्दाचा भंग होतो काय? न्या. गॉर्सच हे कॉन्झर्व्हेटिव्हांनीं निवडलेले, स्कालियांच्याच रिकाम्या जागेवर बसलेले. त्यांनीं म्हटलें, होतो. पुरुषावर प्रेम करणारी स्त्री कामावर राहते आणि पुरुषावर प्रेम करणारा पुरुष जातो. मग भेद लिंगावरून नाहीं तर कशावरून? १९६४ मध्यें मत देणाऱ्यांना हें कधीं सुचलें नसतें, पण त्यांनीं लिहिलेल्या शब्दांत हें आहे. सहा विरुद्ध तीन मतांनीं निकाल लागला, आणि विरुद्ध मत देणारे तिघेहि त्याच पंथाचे. त्यांचा आक्षेप वाचतांना मला दादाचा आवाज ऐकूं येत होता.

आतां याच्या उलट बाजूकडे वळलें पाहिजे. ‘घटना लिहिली त्या वेळच्या अर्थानेंच वाचा’ हें सूत्र १८५७ सालीं सरन्यायाधीश टॅनी यांनीं ड्रेड स्कॉट खटल्यांत वापरलें, आणि त्यावरून असें ठरविलें कीं काळ्या वंशाचा मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊंच शकत नाहीं. त्याच न्यायासनावरून न्या. कर्टिस यांनीं दाखवून दिलें कीं घटना संमत झाली तेव्हां पांच राज्यांत स्वतंत्र काळ्या पुरुषांना मताधिकार होता. म्हणजे टॅनींचा इतिहासच खोटा होता. पण खरें उत्तर दिलें तें फ्रेडरिक डग्लस यानें. हा स्वतः गुलामगिरींतून निसटलेला. १८६० मध्यें ग्लासगो येथें व्याख्यान देतांना त्यानें विचारलें कीं घटनेंत ‘गुलाम’ हा शब्द आहे तरी कोठें? आणि तो खरोखरच तेथें नव्हता. लाजेनें म्हणा, धूर्तपणानें म्हणा, घटनाकारांनीं तो टाळला होता. डग्लसचें म्हणणें असें कीं त्यांचे गुप्त हेतु त्यांच्यापाशीं राहोत, आम्हीं संमत केला तो लिहिलेला शब्द, आणि त्या शब्दानें मला वगळलेलें नाहीं. पुढें अमेरिकेनें गुलामगिरी मोडली म्हणून जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपली ‘गुलामगिरी’ तेथील सदाचारी लोकांना अर्पण केली हें मराठी वाचकाला सांगावयास नको. न्या. क्लॅरेन्स थॉमस हे या पंथाचे आजचे आचार्य. तेहि डग्लसचीं वचनें आपल्या निकालपत्रांत घेतात. मात्र त्यांच्याच पंथाच्या ‘नॅशनल रिव्ह्यू’नें १९५७ मध्यें दक्षिणेंतील गोऱ्यांचें वर्चस्व राहावें असा अग्रलेख लिहिला होता. संपादक बक्ली यांनीं उतारवयांत तें मत सोडलें, तरी तें पान फाडून या पंथाचा इतिहास सांगतां येणार नाहीं.

माझी कसोटी साधी आहे. वाचणाराला आपल्या वाचनापायीं कधीं पदरचें कांहीं सोडावें लागलें काय? २०२२ सालीं गर्भपाताचा हक्क रद्द झाला. घटनेंत तो शब्द नाहीं हें खरें; पण ज्यांनीं हा निकाल दिला त्यांना तो हवाच होता, तेव्हां त्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं त्यावरून कांहींच कळत नाहीं. कळतें तें २०२४ च्या निकालावरून. राष्ट्राध्यक्षाला अधिकारपदावरून केलेल्या कृत्यांबद्दल फौजदारी खटल्यापासून मोठें संरक्षण त्या वर्षीं मिळालें. विधिमंडळाच्या सभासदांना भाषणापुरतें संरक्षण देणारें कलम घटनेंत आहे. राष्ट्राध्यक्षाला देणारें नाहीं. एरवीं स्वल्पविराम मोजणारे त्या दिवशीं रचना, प्रयोजन, व्यवहार अशा मोठमोठ्या शब्दांत बोलूं लागले! बंदुकांच्या प्रकरणींहि तसाच घोळ झाला. २००८ मध्यें पिस्तुलबंदी रद्द करतांना दोन्ही पक्षांनीं अठराव्या शतकांतील कागदपत्रांचे ढीग रचले आणि पांच विरुद्ध चार मतांनीं इतिहास ठरविला. २०२२ मध्यें थॉमस यांनीं लिहिलें कीं जुन्या काळीं ज्याच्या जोडीचा निर्बंध सांपडणार नाहीं तो आजहि चालणार नाहीं. दोनच वर्षांनीं प्रश्न आला कीं घरांतल्या बाईला मारहाण केली म्हणून ज्याच्यावर न्यायालयानें मनाईहुकूम बजावला त्याच्या हातीं बंदूक राहूं द्यावी काय. आठ न्यायमूर्ति म्हणाले, नको. हुबेहूब जोड नसली तरी तत्त्व जुळलें म्हणजे पुरे. एकटे थॉमस आपल्या सूत्राला चिकटून राहिले. त्या नवांत सर्वांत सुसंगत तेच, असें मला वाटतें; आणि माझ्या आक्काचा खटला त्यांच्यापुढें जाऊं नये असेंहि वाटतें.

तरीहि या पंथाविषयीं माझ्या मनांत जो आदर उरतो तो मुख्यतः १९८९ च्या एका निकालामुळें. डॅलस शहरांत १९८४ सालीं एका निदर्शकानें राष्ट्रध्वज जाळला होता. टेक्सासनें त्याला शिक्षा दिली. घटनेंतील भाषणस्वातंत्र्याच्या कलमानें त्याला सोडलें पाहिजे असें चार न्यायमूर्तींचें मत पडलें, चारांचें उलट. पांचवें मत स्कालियांचें होतें आणि तें त्यांनीं ध्वज जाळणाराच्या बाजूनें, ब्रेनन यांच्या शेजारीं बसून दिलें. आपण राजा असतों तर असल्या दाढीवाल्या पोरांना तुरुंगांत घातलें असतें, पण आपण राजा नाहीं, असें ते पुढें व्याख्यानांतून सांगत. निकालानंतर सकाळीं ते न्याहारीला आले, तेव्हां त्यांच्या पत्नी ध्वजाच्या थोरवीचें एक जुनें गाणें मुद्दाम गुणगुणत होत्या. हीहि गोष्ट ते स्वतःच हंसत सांगत.