लोह्याला चढलेल्या बाई

नांदेडहून लातूरला जायचं तर मला एसटीच आवडते. काळी रानं, तुरीची शेतं मागे पडू लागली की जीव थाऱ्यावर येतो. मांडीवर एमआरआयची पिशवी होती. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, तिच्यावर मला गाठ आहे. कर्करोगाची नाही. मुंबईत नाकातून ऑपरेशन करून बरीचशी काढली, पण मोठ्या धमनीला चिकटलेला तुकडा तसाच ठेवावा लागला. तो अजून वाढीचं संप्रेरक सोडतोय. किरणोपचार घ्यावेत का, हे विचारायला निघाले होते.

लोह्याला एक बाई शेजारी बसल्या. पिशवीकडे बघत म्हणाल्या, "डोस्क्याचा फोटो हाय का? मलाबी गाठ होती, नाकातून काढली." मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. संप्रेरकाने माझा झाला तसाच रुंद पंजा, तशीच जाड बोटं. माझ्या लग्नातल्या पाटल्या सोनाराकडून कापून काढाव्या लागल्या होत्या.

अहमदपूरला गाडी थांबली. आम्ही चुरमुऱ्यांचा सुशिला घेतला, वर शेंगदाणे आणि लिंबू. खाता खाता त्या आपल्या किरणोपचारांबद्दल, त्यांच्या भाषेत शेकाबद्दल, सांगत होत्या. गरम पाण्यातून काढलेली जाळी तोंडावर दाबतात, ती चेहऱ्यावर घट्ट बसते. रोज तीच घालून डोकं टेबलाला अडकवायचं. पाच आठवडे शेक, शनिवार-रविवार सुट्टी. "दुखत न्हाई, पन हलायचं न्हाई."

"मग गाठ गेली?"

"जागेवरच हाय. वाढना झाली. रक्तातला आकडा खाली यायला चार वर्षं लागली, ताई."

पर्समधून त्यांनी गोळ्यांची पाकिटं काढली. शेकानंतर उरलेली ग्रंथीही मंदावली, म्हणून थायरॉइडची आणि स्टेरॉइडची गोळी जन्मभर. ताप आला की स्टेरॉइड दुप्पट, उलट्या लागल्या तर तडक दवाखाना. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण ज्या बाईने ते भोगलंय ती समोर बसून सुशिला खातेय, हे बघून माझी भीती निम्म्यावर आली.

लातुरात डॉक्टरांची भेट अर्ध्या तासात उरकली. तुकडा डोळ्यांच्या नसेच्या फार जवळ आहे, त्यामुळे एका दिवसात आटोपणारं गॅमा नाइफ मला चालणार नाही. रोज थोडा थोडा शेकच घ्यावा लागेल.

परतताना विवेकानंद रुग्णालयावरून गेले. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी ते 1966 साली सुरू केलं, तेव्हा लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला 1982 साली. पुण्यात शिकलेल्या त्या तरुण डॉक्टरांनी इथं यायचं ठरवलं, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मी शेक घेणार आहे. तुम्हाला एवढंच सांगणं: वजन न वाढता अंगठी घट्ट होऊ लागली, चपलेचा नंबर वाढला, घोरणं सुरू झालं, तर वयावर ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा आणि आयजीएफ-1 ही रक्ताची तपासणी करायची का, ते विचारा.