सरगुंडे आणि पंचतारांकित ताट

लोहाऱ्यात 'हॉटेल' म्हटले की एमआयडीसीच्या रस्त्यावरची चहाची टपरी, आलूबोंडा आणि तर्रीपोहे एवढेच डोळ्यांपुढे येते. पाळी सुटली की कामगार तिथे उभ्याउभ्या चहा घेतो आणि घरची वाट धरतो. अशा गावच्या माणसाने मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात, तेही इटालियन जेवायला, कशाला जावे? आम्हीही लेकीला हेच विचारले. ती मुंबईत नर्स आहे. "बाबा, मला बढती मिळाली. तुम्ही आणि आई चला म्हणजे झालं," एवढेच तिचे उत्तर. मग आम्ही दोघे गेलो. तिथे जे पाहिले आणि जे मनात आले, ते वाचक बंधू-भगिनींना सांगावेसे वाटते.

हॉटेलच्या दाराशी फेटेवाला दरवान होता. त्याने लवून नमस्कार केला आणि दार उघडून धरले. आम्हाला आमचे वडील आठवले. त्यांच्या तरुणपणी गावच्या हॉटेलात त्यांना आत बसता येत नसे. त्यांची कपबशी बाहेर वळचणीला खोचलेली असे. चहा प्यायचा, कप आपणच धुवायचा आणि पुन्हा जागेवर ठेवायचा. 26 जानेवारी 1950 पासून आपले संविधान लागू झाले. ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, त्या समितीच्या संविधानात कलम 15 आहे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही आडकाठी करता येणार नाही, असे ते सांगते. पुढे 1955 च्या कायद्याने अशी आडकाठी शिक्षेस पात्र गुन्हा ठरवली. 'उपाहारगृह' हा शब्द संविधानात का लिहावा लागला, हे वळचणीच्या कपाने चहा प्यालेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्या दारातून आम्ही कोणाच्या मेहरबानीने आत गेलो नाही.

आत गार हवा, मंद उजेड, पांढरे शुभ्र टेबलक्लॉथ. प्रत्येकापुढे दोन काटे, दोन सुऱ्या, तीन पेले. मेन्यूकार्ड जाडजूड, पण त्यातला एकही पदार्थ ओळखीचा नाही. आमच्या पत्नीने ते उघडले, किंमती पाहिल्या आणि हळूच मिटवून ठेवले. लेकीने मात्र वाढप्याला प्रत्येक नावाचा अर्थ विचारला. तो मुलगा समजूतदार होता. न कंटाळता त्याने सगळे सांगितले. तो सांगू लागला तसतसे आमचे दडपण उतरत गेले.

कारण काय, तर त्या भारदस्त नावांमागे बरेचसे कष्टकऱ्यांचेच जेवण निघाले. 'ट्रॅटोरिया' हा शब्द घ्या. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातले इटालियन उपाहारगृह वर्षानुवर्षे याच नावाने ओळखले गेले. इटलीत ट्रॅटोरिया म्हणजे घरच्या माणसांनी चालवलेली साधी खानावळ. पिझ्झा हे नेपल्स शहरातल्या गरिबांचे रस्त्यावरचे खाणे. 'रिबोलिता' म्हणजे पुन्हा उकळलेले. शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि पालेभाजी एकत्र शिजवून तस्कनी भागातले शेतकरी हे खात. आपल्या घरी उरलेल्या भाकरीचा कुस्करा करून फोडणीला टाकतात, तीच रीत. अन्न वाया जाऊ नये ही काळजी तिथल्या आईलाही होतीच.

आधी रिझोतो आला. हा भात थोडाथोडा गरम रस्सा घालत, सतत ढवळत शिजवतात, म्हणून तो दाटसर होतो. मात्र शीत मधून किंचित कडकच ठेवतात. पास्ताही तसाच. याला ते 'अल देंते' म्हणतात, म्हणजे दाताला लागेल असे. कोणाला कधी असा भात मिळाला तर कच्चा राहिला समजून परत पाठवू नये.

मग पास्त्याची ताटली आली. पीळ दिलेले, मळसूत्रासारखे तुकडे आणि वर टमाट्याचा रस्सा. आमच्या पत्नीने एक तुकडा काट्याने उचलला, निरखून पाहिला आणि मोठ्याने म्हणाली, "अवो, हे तं सरगुंडे होय!"

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून पाहिले. लेक खालच्या आवाजात म्हणाली, "आई, हळू बोल ना. लोक बघतात."

पत्नीने काटा खाली ठेवला. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग तितक्याच शांतपणे म्हणाली, "पोरी, तीन उन्हाळे मी लोकांच्या लग्नाचे सरगुंडे वळून दिले. तुझ्या नर्सिंगची फी त्यातूनच भरली. त्याचं नाव घ्यायची मला कायची लाज?"

लेकीचे डोळे भरले. तिने वाढप्याला बोलावले आणि स्वतःच सांगितले, "आमच्या विदर्भात असंच करतात. माझी आई हाताने वळते." त्याने खुर्चीजवळ थांबून विचारले, "कसं करता, मावशी?" पत्नीने सगळे सांगितले. गव्हाची कणीक घट्ट मळायची, तिची बारीक वळी बारक्या काडीवर गुंडाळायची, काडी अलगद ओढून घ्यायची, खाटेवर धडप्यावर वाळवायचे. लग्नसराईत उकळत्या पाण्यात शिजवून आंब्याच्या रसाबरोबर वाढायचे. त्यावर तो म्हणाला, याचे नाव फुसिल्ली. इटालियन भाषेत 'फुसो' म्हणजे सूत कातायची चाती. दक्षिण इटलीतल्या बायाही कणीक लोखंडी काडीभोवती वळूनच हे करत आल्या आहेत. चाती म्हटल्यावर आम्हीही सरसावलो, कारण आमचे आयुष्य गिरणीत चात्यांच्या आवाजात गेले. आमच्या लोहाऱ्यात जीन्सचे डेनिम कापड निघते, आणि 'जीन्स' हा शब्द इटलीतल्या जेनोवा बंदराच्या नावावरून आला म्हणतात. तेव्हा तो देश आमच्यापासून वाटतो तितका लांब नाही.

शेवटी पोलेंता मागवला. मक्याच्या कण्या! उत्तर इटलीतल्या शेतमजुरांनी पिढ्यान्‌पिढ्या याच्यावरच दिवस काढले. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात नुसत्या मक्यावर जगणाऱ्या त्या मजुरांना पेलाग्रा नावाचा रोग होई. कातडी काळवंडून सोलायची, हगवण लागायची, शेवटी डोके फिरायचे. आपल्याकडेही 1960 च्या सुमारास हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये हाच रोग आढळला. यात ज्वारीला दोष नाही. भाकरीसोबत डाळ, भाजी, दूध, अंडे असेल तर ज्वारी उत्तमच. दोष त्या गरिबीचा, जिने ताटात दुसरे काही येऊच दिले नाही. आज त्याच कण्या चांदीसारख्या चकचकीत भांड्यात हजार रुपयांच्या वर विकल्या जातात. आमच्या आजीने कण्या शिजवल्या तेव्हा शेजारी त्याला 'गरिबाचं खाणं' म्हणून हसत. कण्या त्याच असतात. कोण शिजवतो आणि कोण खातो, यावरून लोक त्यांची किंमत ठरवतात.

बिल सहा हजारांच्या घरात गेले. आमच्याकडचा कंत्राटी कामगार एवढ्या पैशासाठी कित्येक दिवस राबतो, हे मनातून जाईना. कायद्याने दार उघडले, तरी दाराआड पैशाची दुसरी भिंत उभी आहे, हे आम्ही विसरत नाही. म्हणून वरचेवर अशा ठिकाणी जावे, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. कर्ज काढून तर मुळीच नाही.

पण मुलांची पहिली कमाई, बढती, निवृत्ती असा एखादा प्रसंग असेल आणि ऐपत असेल, तर आईवडिलांना अवश्य न्यावे. जाताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. न समजणारा पदार्थ बेलाशक विचारावा, ते सांगणे त्यांचे कामच आहे. काटा-चमचा जमला नाही तर पाव आणि पिझ्झा हाताने खुशाल खावा, इटलीतही खातात. मोठ्या हॉटेलातल्या जेवणावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो आधीच हिशेबात धरावा. सेवा शुल्क मात्र सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी तशा सूचना काढल्या आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या योग्य ठरवल्या. बिलात ते लावले असेल तर काढून टाकायला सांगावे. वाढप्याला काही द्यायचे असेल तर त्याच्या हातात द्यावे. तोही कोणाच्या तरी घरचा कमावता मुलगा आहे.

आणि आपल्या शिकलेल्या मुला-मुलींना एक विनंती. पास्ता जरूर खा, जगातले सगळे चांगले खा. पण आईने घरच्या पदार्थाचे नाव मोठ्याने घेतले तर तिला गप्प करू नका. यंदाच्या उन्हाळ्यात तिच्याजवळ बसा, काडी हातात घ्या आणि सरगुंडे वळायला शिका. आमच्या लेकीने चैत्रात आठ दिवसांची रजा टाकली आहे.